खोडलेले चार, खोडलेले नऊ

दहापैकी चार हा आकडा मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. तेहतीस वर्षे, आधी तलासरीच्या आणि मग डहाणूच्या शाळेत, गणित आणि विज्ञान शिकवले. लाल शाईने चार लिहिताना हात कधी अडखळला नाही. निवृत्तीनंतर मात्र एका जपानी व्हिडिओ गेमला दिलेले चार गुण मला सर्वांसमक्ष खोडावे लागले. त्या जागी जे लिहिले, तेही खोडावे लागले. ही हकिगत सांगायला बसले की अजूनही माझा उजवा अंगठा टेबलावर आपोआप बटण दाबू लागतो.

मी २०१४ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी माझी भाची शिकायला परदेशी गेली आणि जाताना हातात धरून खेळायचे एक यंत्र आमच्या घरी ठेवून गेली. आमच्या चिकूच्या वाडीत दुपारी तोडणी चालू असली की मी ते घेऊन बसू लागले. पहिल्या आठवड्यात मी एका दगडी राक्षसाकडून तीस-बत्तीस वेळा मेले. एकतिसाव्या की बत्तिसाव्या मरणाच्या वेळी माझ्या लक्षात आले, की हा राक्षस मला शिकवतो आहे. तो वार करण्याआधी प्रत्येक वेळी डावा पाय मागे घेत होता. ते ध्यानात येताच मी पुढच्याच खेपेला त्याला लोळवला आणि वाडीत एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले. चिकू उतरवणारी माणसे फळे तोडायच्या जाळीच्या काठ्या, झेल्या, खाली करून माझ्याकडे पाहू लागली.

परीक्षणे लिहिण्याचे काम त्यानंतर वर्षभराने आले, तेही माझ्या खोडीमुळे. निखिल हा माझा जुना विद्यार्थी ठाण्याहून मराठीत एक संकेतस्थळ चालवतो. त्यावर एका खेळाबद्दल छापले होते, ‘ग्राफिक्स भारी, फायटिंग भारी, नक्की खेळा.’ मी तो मजकूर कागदावर उतरवून घेतला, ‘भारी म्हणजे किती? कारण लिहा’ असा लाल शेरा मारला आणि टपालाने त्याला धाडला. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

“बाई, वीस वर्षांनी पुन्हा वही परत आली माझी.”

“सुधारणा करून दाखव.”

“त्यापेक्षा तुम्हीच लिहा ना! जपानी अ‍ॅक्शन गेम तुमच्याकडे. कन्सोलवरचे, हातातले, सगळे.”

ज्यांनी हे खेळ कधी पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगते. अ‍ॅक्शन खेळात आपला योद्धा आपल्या बोटांवर चालतो. शत्रू वार करण्याआधी एखादी सूचना देतो. ती ओळखून, नेमक्या क्षणी बटण दाबून वार चुकवायचा आणि मग आपला वार करायचा. लवकर दाबले तर फुकट, उशिरा दाबले तर मरण. चांगले जपानी खेळ मला उत्तम काढलेल्या प्रश्नपत्रिकेसारखे वाटतात. प्रश्न कठीण असतो, पण अभ्यासक्रमाबाहेरचा नसतो. म्हणून मी गुणदानाची योजनाच ठरवली. नियंत्रणाला तीन, शत्रूंच्या रचनेला तीन, कॅमेऱ्याला दोन, आणि खेळ खेळणाऱ्याला कसा शिकवतो याला दोन. नियंत्रण म्हणजे बोटाची आज्ञा योद्धा किती पाळतो ते. कॅमेरा म्हणजे पडद्यावर आपल्याला लढाई नीट दिसते की नाही ते. एकूण दहा.

वाचक मिळाले, आणि विक्षिप्तही मिळाले. उधव्याचे एक निवृत्त शिक्षक प्रत्येक परीक्षणानंतर फोन करून विचारत, “ते सगळं ठीक आहे, पण शेवटी जिंकतं कोण?” मी म्हणायची, “तुम्ही.” ते म्हणायचे, “मी कसा? मी तर खेळतच नाही.” आणि फोन ठेवून द्यायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न.

खेळ मला मिळत तलासरीच्या नाक्यावर, किशोरभाईंच्या दुकानात. त्या दुकानात पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर आणि कोपऱ्यात माझ्यासाठी वापीहून मागवलेले खेळ. मी पायरी चढले की ते हाक मारत, “आवो बेन, तमारो राक्षस आला आहे!” पंप घ्यायला आलेले लोक दचकून मागे पाहत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हातातल्या यंत्रावरची बारीक अक्षरे मला दिसेनात, तेव्हा मोठा टीव्ही आणि त्याला जोडता येणारे नवे यंत्रही मी त्यांच्याकडूनच घेतले. चित्र असे गुळगुळीत, की किशोरभाई म्हणाले, “बेन, मलाई छे, मलाई!” तेव्हापासून माझे प्रत्येक परीक्षण त्या मलईवर झाले.

आता मूळ गोष्ट. २०१८ च्या पावसाळ्यानंतर एक नवा खेळ हाती आला. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. बर्फात उभा असलेला लाल पूल, आणि पुलावर पांढरा मुखवटा घातलेला एक भालेवाला. त्याला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी त्याच्याशी नऊ दिवस लढले. त्याची सूचना मला दिसत होती, मी बटण दाबत होते, आणि माझा योद्धा भाला छातीत घुसल्यावर उडी मारत होता. दहाव्या दिवशी मी खेळ बंद केला आणि परीक्षण लिहिले. नियंत्रणाला शून्य, शत्रूंच्या रचनेला एक, कॅमेऱ्याला एक, शिकवण्याला दोन. एकूण चार. शेवटचे वाक्य होते, ‘योग्य उत्तर लिहूनही गुण न देणारा परीक्षक अन्यायी असतो, हा खेळ अन्यायी आहे.’ निखिल खूश झाला. माझे कुठलेच परीक्षण इतके वाचले गेले नव्हते. लोक ते वाक्य एकमेकांना पाठवत होते.

त्या शनिवारी मी डहाणूच्या मासळी बाजारात पापलेट घ्यायला गेले. कोयता हातात घेतलेली एक तिशीची बाई माझ्याकडे रोखून पाहत होती.

“बाई, पापलेट देते, पण आधी एक ऐका. तो पुलावरचा भालेवाला अन्यायी नाय.”

मी पिशवी खाली ठेवली. “तू कोण ग?”

“हेमा. धाकट्या डहाणूची. तुमच्या वर्गात होते मी, शेवटच्या बाकावर. आठवणार नाय तुम्हाला, सातवीतच शाळा सुटली.” तिने पापलेटाचे डोके एका घावात उडवले. “तुम्ही लिवलंत, बटण दाबलं तरी माणूस उशिरा उडी मारतो. माझा तर नाय मारत उशिरा.”

“तू हा खेळ खेळतेस?”

“मग काय! बोंबील वाळेपर्यंत त्यांच्याकडं नुसती बघत बसू?”

शेजारची कोळीण खिदळली. “बाई, ही वलांडीवर बोंबील राखते का त्या भालेवाल्याला राखते, दर्यालाच ठाऊक.”

हेमाचा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि जपानच्या बंदरातून त्याने बहिणीला यंत्र आणले होते. माझ्याकडेही त्याच जातीचे यंत्र होते. ते हातातही खेळता येते आणि टीव्हीला जोडूनही. म्हणजे यंत्र एक, खेळ एक, भालेवाला एक. तिला तो न्यायी वाटत होता, मला अन्यायी. विज्ञानाच्या शिक्षिकेला अशा वेळी घरी जाऊन स्वस्थ बसणे शक्य नसते. पापलेट बर्फातच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यात गेले. खाडीकाठी वलांड्यांवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून वाळत होते. जुन्या जाळ्याचे आणि ताडपत्रीचे एक छप्पर केले होते, त्याखाली हेमा बसली होती. एका हाताशी कावळे हाकायची काठी, मांडीवर यंत्र. मी माझा जाड भिंगाचा चष्मा लावला आणि तिच्या यंत्रावर भालेवाल्यासमोर उभी राहिले. पहिल्या फटक्यात मेले. पण मरताना मला धक्का बसला. मी बटण दाबले त्याच क्षणी योद्धा हलला होता. चूक माझी होती. मीच घाई केली होती.

“बघितलंत?” हेमा म्हणाली. “तो सांगून मारतो.”

मी तिला माझ्या घरी बोलावले. सोमवारी दुपारी, बाजार संपल्यावर ती आली. दारात पाय धुतले, टीव्हीसमोर सतरंजीवर बसली आणि माझ्या यंत्रावर भालेवाल्याशी लढू लागली. धाकट्या डहाणूत त्याला सहज हरवणारी हेमा माझ्या घरात एकामागून एक पाच वेळा मेली. पाचव्या वेळी तिने बटणांचा कंट्रोलर बाजूला ठेवला आणि टीव्हीकडे बोट दाखवले.

“बाई, हा तुमचा टीव्ही झोपेत चालतो.”

मी वही उघडली. अंदाज हा निष्कर्ष नव्हे, हे मी शाळेत रोज सांगत होते. माझ्या मोबाइलमध्ये हळू गतीने चित्रण करण्याची सोय होती. तो पुस्तकांच्या चळतीवर असा उभा केला, की हेमाचा अंगठा आणि पडदा दोन्ही दिसावेत. अंगठा खाली जाणे ते योद्धा हलणे, एवढ्या काळातली चित्रे मोजायची. आधी यंत्र हातात धरून दहा वेळा, मग टीव्हीवर दहा वेळा. मी मोठ्याने मोजत होते, हेमा रकान्यात लिहीत होती. निम्मे होण्याआधीच आम्ही दोघी एकमेकींकडे पाहू लागलो होतो. टीव्हीवर योद्धा दर वेळी सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा जास्तच उशिरा हलत होता. ऐकायला हे काहीच नाही. भालेवाल्यासमोर तेच जीवन आणि मरण आहे.

मी किशोरभाईंना फोन लावून टीव्हीचा हा उशीर सांगितला.

“गेम मोड ने, बेन? छे ज! सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत जा. कोई पूछतुं ज नथी, कोणी विचारतच नाही, म्हणून बंद असतं.”

कारण असे, की नवा टीव्ही आलेले प्रत्येक चित्र क्षणभर धरून ठेवतो, पुढच्याशी ताडून पाहतो, साफसूफ करतो आणि मग दाखवतो. आधी कच्चे लिहून मग पक्के करणाऱ्या विद्यार्थ्यासारखा. अक्षर सुंदर, पण वेळ संपल्यावर पेपर देणार. किशोरभाईंची मलई म्हणजे ते पक्के लिखाण. गेम मोड चालू करताच ही साफसूफ थांबली, चित्र किंचित खरखरीत झाले, आणि हेमा पहिल्याच झटक्यात भालेवाल्याचा वार चुकवून खो-खो हसली.

मला हसू आले नाही. तो टीव्ही घेतल्यापासून मी अकरा जपानी अ‍ॅक्शन खेळ तपासले होते. भालेवाल्याचे एकच परीक्षण चुकले असते, तर ती एक चूक ठरली असती. अकराही चुकले असतील, तर माझी मोजपट्टीच वाकडी होती. मग माझ्या कुठल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवायचा? माझ्याकडे दुसरी कमाई नव्हती. आकडा द्यायचा आणि त्याचे कारण सांगायचे, एवढेच मी जन्मभर केले होते.

संध्याकाळी निखिलला सगळे सांगितले. तो दिलासा देत म्हणाला, “बाई, घाबरू नका. मी आत जाऊन आकडा बदलतो. चारचे आठ करतो. कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“निखिल, तुला बोर्डाचा नियम ठाऊक आहे?”

“कुठला?”

“उत्तरपत्रिकेवर दिलेला गुण बदलायचा असेल, तर जुन्यावर एक रेघ मारायची. जुना आकडा वाचता आला पाहिजे. नवा शेजारी लिहायचा आणि बाजूला सही करायची. खोडरबर लावलेला, गिरवलेला गुण नियामक मानत नाही.”

“बाई, हे इंटरनेट आहे. लोक हसतील. तुमचं ते अन्यायी परीक्षकाचं वाक्य सगळीकडे फिरतंय. त्याच्यावर रेघ मारायची?”

“त्याच्यावरच मारायची.”

त्याने तो नियम लिहून घेतला. मग म्हणाला, “आणि बाकीचे दहा?”

“फेरतपासणी. नियामक मी शोधला आहे.”

नियामक म्हणजे परीक्षकाच्या तपासणीवर तपासणी करणारा. हेमाला मी हे समजावले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मी तुमच्या चुका काढायच्या? चालेल की! शाळेत कुठं मिळाला असता हा चानस.”

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत धावपळीचे आणि सर्वांत आनंदाचे. सकाळी वलांडीजवळ हातातल्या यंत्रावर, दुपारी माझ्या घरी दुरुस्त टीव्हीवर. एक खेळ, दोन पडदे, दोघींचे स्वतंत्र गुण; एकीने दुसरीचा कागद आधी पाहायचा नाही. एखादा शत्रू पडला की वलांडीवरच्या बायका ओरडायच्या आणि कुत्री भुंकायची. एकदा आम्ही दोघी एका उडत्या सर्पात इतक्या गुंतलो, की कावळ्यांनी एक आख्खी दोरी साफ केली. हेमाच्या सासूने काठी आपटली, “मास्तरीणबाई, तुमच्या सापाला बोंबील चारलेत का?” मी भरपाई म्हणून दुपारभर काठी घेऊन उभी राहिले.

दहापैकी सात परीक्षणे टिकली. त्यांत घाईच्या लढाया नव्हत्या. दोन खेळांचे गुण वाढले. एकाचे चक्क उतरले. त्या खेळाला मी ‘संयमाची परीक्षा’ म्हणून डोक्यावर घेतले होते. टीव्ही जागा होताच तो इतका सोपा निघाला, की हेमाने एका हाताने खेळून दाखवला.

राहिला भालेवाला. त्याचा नवा गुण मी त्याला स्वतः हरवल्याशिवाय देणार नव्हते, आणि आता टीव्हीची सबब उरली नव्हती. तरीही मी मरत होते. एका सकाळी वलांडीजवळ हेमाने माझ्या हातातले यंत्र थांबवले.

“बाई, तुम्ही भाला बघता.”

“मग काय पाहू?”

“तो कावळा बघा.” समोरच्या बांबूवर एक कावळा बोंबलावर नजर ठेवून बसला होता. “तो झेप घेणार. चोच आधी हलेल का पंख?”

मी पाहत राहिले. कावळ्याचे गुडघे किंचित वाकले, आणि मग तो उडाला. हेमाची काठी त्याच्या आधी पोचली होती.

“पाय,” मी म्हणाले.

“मग! भाला शेवटी येतो. गुडघा आधी येतो.”

दगडी राक्षसाच्या पायाने मला हेच शिकवले होते. चार वर्षांत मी ते विसरले होते. मी पुन्हा पुलावर उभी राहिले. बर्फ पडत होता. पांढरा मुखवटा. गुडघा वाकला; मी उडी घेतली; भाला रिकाम्या हवेत गेला. वार. गुडघा, उडी, वार. छपराखाली बायका जमल्या. “मार, बाई, मार!” कोणीतरी माझा खांदा दाबला. भालेवाल्याने अचानक दोन वार एकापाठोपाठ एक काढले. मी पहिला चुकवला, दुसऱ्यालाही गुडघा वाकलाच, तोही चुकवला, आणि शेवटचा घाव घातला. मुखवटा दुभंगला. भालेवाला गुडघ्यावर आला, आणि मला वाकून नमस्कार करून बर्फात विरून गेला. बासष्टाव्या वर्षी, बोंबलाच्या वासात, मी उभी राहून ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण हेमाच्या सासूबाईंनीही टाळ्या वाजवल्या.

तिथेच मी कागद काढला. नियंत्रणाला तीन. शत्रूंच्या रचनेला तीन. कॅमेऱ्याला एक, शिकवण्याला दोन. चारवर रेघ मारली, शेजारी नऊ लिहिले, सही केली आणि कागद हेमाकडे दिला. नियामकाची सही बाकी होती.

तिने कागद पाहिला. “नऊ?”

“कमी झाले?”

“लाजेनं देताय बाई. चूक तुमची झाली, म्हणून त्याला बक्षीस कशाला?” तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. “पुलाच्या पुढं खेळलात?”

मी खेळले नव्हते. आधी पूल ओलांडता आला नव्हता, आणि आता ओलांडून पाच मिनिटे झाली होती.

“अर्धा पेपर वाचून गुण देताय,” हेमा म्हणाली. तिने चहा मागवला आणि पुन्हा काठी घेऊन बसली.

पुढचा भाग मी सहा दिवस खेळले. शेवटच्या देवळात इतके खांब आहेत, की लढाई ऐन रंगात आली की कॅमेरा एखाद्या खांबामागे अडकतो. आपला योद्धाही दिसत नाही आणि शत्रूचा गुडघाही दिसत नाही. तिथे खेळ खरोखरच अन्याय करतो, आणि टीव्हीचा त्याच्याशी काही संबंध नाही. कॅमेऱ्याला शून्य.

संकेतस्थळावर ते परीक्षण आजही आहे. शेवटच्या वाक्यावर रेघ आहे. त्याखाली चार, त्यावर रेघ, नऊ, त्यावर रेघ, मग आठ. निखिलने कागदाचे छायाचित्रच छापले, कारण सह्या टाइप करता येत नाहीत. दोन सह्या माझ्या आहेत, प्रत्येक खाडाखोडीला एक. तिसरी, आठच्या शेजारी, हेमाची. ती सही तिने आधी वर्तमानपत्राच्या कडेला चार वेळा करून पाहिली आणि मग कागदावर केली, एकही रेघ न खोडता.